सेट-नेट झालं, पण अर्थशास्त्र शिकवायचं कसं हे कुणी शिकवलं?

पहिलीच्या पोराला बाराखडी शिकवायची तर डीएड लागतं, वर टीईटी. नववी-दहावीला शिकवायचं तर बीएड. अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवायचं असेल तर एमए आणि बीएड दोन्ही, त्यात पाठ घ्यावे लागतात, मागच्या बाकावर मार्गदर्शक बसून वहीत शेरे लिहितात, टाचण तपासलं जातं. आणि त्याच्या पुढच्याच वर्गाला म्हणजे एफवायबीएला तोच मागणीचा नियम (भाव वाढला की मागणी घटते, भाव पडला की वाढते) शिकवायचा असेल तर एमएला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०) आणि नेट-सेट या पात्रता परीक्षांपैकी एक किंवा पीएचडी, की झालं. तुम्ही कधी वर्गात उभे राहिलात का, तुमचा एखादा तास कुणी बघितलाय का, हे कुणी विचारत नाही. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापन कौशल्य नावाचा एक घटक आहे, दहा घटकांपैकी एक, त्यावर पाच प्रश्न, तेही चार पर्यायांचे. दोन्ही पेपर मिळून १५० प्रश्नांपैकी पाच. शिकवण्याबद्दल आपण नव्या प्राध्यापकाला नोकरीआधी जे काही विचारतो ते एवढंच.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावच्या कॉलेजात २७ वर्षं अर्थशास्त्र शिकवतेय. पहिली तीन-चार वर्षं मी काय केलं ते आज स्पष्ट दिसतं, मी नोट्स सांगितल्या. स्वतः एमएला उतरवून घेतलेल्या वह्या घेऊन जायची, व्याख्या, गृहीतं, तक्ता, आकृती, स्पष्टीकरण, टीका, याच क्रमानं सांगत जायची आणि पोरं खाली मान घालून लिहायची. निकाल चांगला लागायचा म्हणून कुणाची तक्रार नव्हती, मलाही वाटायचं की जमतंय. मग एकदा टीवायच्या तोंडी परीक्षेत एका हुशार मुलीला विचारलं की तुझ्या वडिलांनी द्राक्षाची बाग तोडून तिथं टोमॅटो लावला तर त्या टोमॅटोचा खर्च किती, तर तिनं रोपं, खत, औषध, मजुरी, तार-बांबू सगळं धरलं आणि थांबली. जमीन? तर म्हणाली जमीन आमचीच आहे मॅडम. संधी खर्चाची, म्हणजे एक पर्याय निवडताना जो सगळ्यात चांगला दुसरा पर्याय सोडावा लागतो त्याच्या किमतीची, व्याख्या तिनं पाचच मिनिटांपूर्वी एक शब्द न चुकता सांगितली होती, आणि ती माझ्याच नोट्समधली होती. त्या दिवशी मला फार लागलं, कारण चूक तिची नव्हतीच.

आपल्याकडं एक समज पक्का बसलाय की ज्याला विषय येतो त्याला शिकवता येतो. अर्थशास्त्रापुरतं तरी हे खरं नाही, आणि विषय येतो म्हणजे नक्की काय येतं इथपासूनच गडबड आहे. २००५ साली अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञांच्या वार्षिक संमेलनात पॉल फेरारो आणि लॉरा टेलर या दोघांनी तिथं आलेल्या १९९ लोकांना संधी खर्चाचा एक साधा प्रश्न दिला. तुमच्याकडं एका गायकाच्या कार्यक्रमाचं फुकट तिकीट आहे, ते विकता येत नाही. त्याच रात्री दुसऱ्या एका गायकाचा कार्यक्रम आहे, त्याचं तिकीट ४० डॉलर आणि तुमची तयारी त्यासाठी ५० डॉलरपर्यंत द्यायची आहे. फुकटच्या कार्यक्रमाला गेलात तर संधी खर्च किती? शून्य, १०, ४० की ५०? उत्तर १०, कारण दुसरीकडं गेला असतात तर ५० चा आनंद मिळाला असता पण ४० मोजावे लागले असते, म्हणजे गमावले ते निव्वळ १०. बरोबर उत्तर दिलं २१.६ टक्के लोकांनी. डोळे मिटून टिक केलं असतं तरी २५ टक्के यायला हवं होतं. पुढं त्या प्रश्नाच्या शब्दरचनेवर वाद झाला, दुसरी उत्तरंही एका अर्थानं बरोबर ठरू शकतात असं काहींनी दाखवलं, तो वाद मला मान्य आहे. पण माझ्यासाठी त्यातला मुद्दा उरतोच, की विषयाच्या अगदी गाभ्यातली कल्पना वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या लोकांचंही तिच्याबद्दल एकमत नव्हतं आणि इतकी वर्षं ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण व्याख्या सगळ्यांची सारखीच होती.

ही कल्पना आपल्या वर्गात किती जवळची आहे बघा. हमीभावाचा वाद पोरं घरी रोज ऐकतात. कृषी खर्च आणि मूल्य आयोग खर्च वेगवेगळ्या पद्धतीनं काढतो, ए२ म्हणजे शेतकऱ्यानं खिशातून केलेला खर्च, त्यात घरच्या माणसांच्या कष्टाची मजुरी मिळवली की ए२ + एफएल, आणि त्यातही स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचं व्याज धरलं की सी२. सरकार ए२ + एफएलवर ५० टक्के देतो म्हणतं, शेतकरी संघटना सी२ वर ५० टक्के मागतात. हा सगळा झगडा संधी खर्चाचा आहे! आई सकाळपासून रानात राबते तिची मजुरी कुणी देत नाही म्हणून ती शून्य धरायची का, आणि धरायची तर कोणत्या दरानं, दुसऱ्याच्या रानात गेली असती तर मिळाली असती त्या रोजानं? वर्गात शेतकऱ्याची पोरं बसलेली असताना आणि रानातला हिशोब त्यांच्या घरातच असताना आम्ही संधी खर्च शिकवताना देशानं बंदुका बनवायच्या की लोणी हे उदाहरण सांगतो, कारण पुस्तकात ते आहे. मग ती मुलगी जमीन विसरते.

आता अलीकडची गोष्ट सांगते. आमच्याच कॉलेजातून बीए झालेला, पुढं एमएला चांगले मार्क, दुसऱ्या प्रयत्नात सेट निघालेला मुलगा आमच्याकडं सीएचबीवर आला. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास तितके पैसे. अभ्यासू आहे, कष्टाळू आहे. मी त्याला विचारलं, तुझ्या तासाला मी मागं बसले तर चालेल का, तो आधी घाबरला, त्याला वाटलं तक्रार गेलीय. मी म्हटलं अरे तक्रार नाही, मला बघायचंय. तर तास मागणीच्या नियमाचा. इतर परिस्थिती कायम असता वगैरे व्यवस्थित सांगितलं, वक्र काढला, डावीकडून उजवीकडं खाली उतरणारा. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उठला, घरी कांदा असणार हे बोलण्यावरूनच कळत होतं, म्हणाला, सर, २०२३ ला डिसेंबरमध्ये निर्यातबंदी लागली, भाव धाडकन पडला, पण म्हणून लोकांनी काय दुप्पट कांदा खाल्ला नाही, मग हा नियम कसा काय? वर्गात एकदम हालचाल झाली, झोपलेलेही उठले. आणि आमचे हे नवे सर म्हणाले, ते अपवादात येतं, अपवाद आपण उद्या घेऊ.

तास संपल्यावर चहा घेताना मी त्याला म्हटलं, त्या पोरानं तुला काय दिलं होतं माहितीय का? लाख रुपयाचा प्रश्न दिला होता. निर्यातबंदी आली म्हणजे बाजार समितीत बोली लावणारा निर्यातदार गेला, म्हणजे अख्खा वक्रच डावीकडं सरकला, म्हणजे त्याच भावाला मागणी कमी झाली, आपल्या पुस्तकाच्या भाषेत मागणीचा ऱ्हास. त्यामुळं भाव पडला. आणि भाव पडल्यावर घरोघरी थोडा जास्त कांदा खपला असेल तो मागणीचा विस्तार, पण थोडाच, कारण माणूस कांदा किती खाणार, मागणी अलवचीक, म्हणजे भाव बदलला तरी फारशी न बदलणारी. भाव बदलल्यामुळं होणारे विस्तार-संकोच एका बाजूला, इतर कारणांनी होणारे वृद्धी-ऱ्हास दुसऱ्या बाजूला आणि वर लवचीकता, तीन तासांचा मसाला त्या एका वाक्यात होता. तो गप्प बसला, मग म्हणाला, मॅडम मला हे सगळं येतं, सेटला यावरच प्रश्न होता, बरोबर आलेला. मी म्हटलं येतं रे, पण पोराच्या तोंडून आलं तेव्हा ओळखू आलं नाही.

मला या लेखात जे म्हणायचंय ते एवढंच आहे. वक्र सरकला की वक्रावरचा बिंदू सरकला हे परीक्षेत ओळखणं वेगळं आणि कांदेवाल्याच्या पोरानं चिडून विचारलेल्या प्रश्नात ते ओळखणं वेगळं. दुसरी गोष्ट शिकावी लागते, ती एमएला शिकवत नाहीत, पीएचडीनं येत नाही आणि आपोआपही येत नाही. म्हणजे काहींना येते, दहा वर्षांनी, पण त्या दहा वर्षांतल्या पोरांचं काय? विषय शिकताना मुलं नक्की कुठं अडकतात याची अर्थशास्त्रात जवळपास ठरलेली ठिकाणं आहेत. महागाईचा दर १० वरून ५ वर आला की पोरांना वाटतं वस्तू स्वस्त झाल्या. १०० ची पिशवी ११० ला आणि ११० ची ११५.५० ला, असं फळ्यावर मांडलं की डोळे उघडतात. व्यापारी तुटीला बजेटची तूट समजतात. नफा म्हणजे विकून आलेले पैसे समजतात. रिझर्व्ह बँकेनं नोटा छापून गरिबी का हटवू नये हा प्रश्न दर वर्षी एफवायला येतो म्हणजे येतोच. ही ठिकाणं आधीच माहीत असली तर नवा माणूस त्या वळणावर तयारीनं उभा राहील. आज प्रत्येक नवा प्राध्यापक ती स्वतः ठेचा खाऊन शोधतो, शोधली तर, आणि निवृत्त होताना सोबत घेऊन जातो.

यावर लोक म्हणतील की प्रशिक्षण आहे की. आहे, मी नाकारत नाही. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर देशभर अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली, त्यांचंच पुढं एचआरडीसी (मनुष्यबळ विकास केंद्र) झालं, २०२३ पासून मालवीय मिशनच्या नावानं ती चालतात. ओरिएंटेशन असतं, रिफ्रेशर असतं, महिनाभराचा इंडक्शन प्रोग्रॅम असतो. मी स्वतः केलेत, चांगली माणसं भेटली, काही व्याख्यानं अजून आठवतात. पण अडचण दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे वेळ. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमात ओरिएंटेशन येतं ते पहिल्या बढतीच्या अटीत, वेतनाच्या लेव्हल १० वरून ११ वर जायला, आणि ती बढती पीएचडी असेल तर चार वर्षांनी, नुसतं नेट-सेट असेल तर सहा वर्षांनी. म्हणजे माणूस कोर्स करतो तो बढतीसाठी प्रमाणपत्र हवं म्हणून, आणि करतो तेव्हा त्याच्या सवयी घट्ट झालेल्या असतात. दुसरी, त्या वर्गात माझ्या एका बाजूला वनस्पतिशास्त्राचे सर, दुसऱ्या बाजूला हिंदीच्या मॅडम. अध्ययन निष्पत्ती, आयसीटीचा वापर, मूल्यमापन, सगळं सर्वसाधारण. मागणीचा ऱ्हास आणि संकोच यात पोरं का गोंधळतात हे तिथं कुणाला विचारायचं? आणि विषयाच्या रिफ्रेशरला गेलं तर तिथं विषयच असतो, नवं जीएसटी, नवं धोरण, संशोधन पद्धती, पण ते एफवायबीएच्या पोराला कसं सांगायचं याबद्दल एक शब्द नाही. या दोन कोर्सच्या मधली जी जागा आहे, अर्थशास्त्र शिकवणं, ती रिकामीच आहे.

२०२२ च्या पीएचडीच्या नियमावलीत तर यूजीसीनं लिहूनच ठेवलंय की प्रत्येक पीएचडीच्या विद्यार्थ्याला आपल्या विषयाशी संबंधित अध्यापनाचं प्रशिक्षण हवं, आठवड्याला चार ते सहा तास ट्युटोरियल, तपासणी असं कामही देता येईल. किती विभागांत हे मनापासून होतं, ज्यानं त्यानं आपल्या विभागाकडं बघून ठरवावं. मी ज्यांना ओळखते त्या पीएचडीच्या मुलांना विचारलं तर बहुतेकांना ही तरतूद आहे हेच माहीत नव्हतं. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल विद्यापीठातून इकॉनॉमिक्स नेटवर्क नावाचं एक केंद्र चालतं, ते नव्या लेक्चरर लोकांसाठी आणि शिकवणाऱ्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी फक्त अर्थशास्त्राच्या शिकवण्यावर कार्यशाळा घेतं. आपल्या राज्यात विद्यापीठं, अभ्यास मंडळं, विषयाच्या परिषदा सगळं आहे, त्यातलं एकही नवं उभारावं लागणार नाही.

प्रशिक्षणात काय असावं याचं एक उदाहरण जरा सविस्तर देते, कारण हे नुसतं सांगून पटत नाही. समतोल किंमत. पुस्तकात दोन रेषा एकमेकींना छेदतात आणि तिथं किंमत ठरते. पोरं ते पाठ करतात, पण त्यांच्या मनात प्रश्न असतोच की तिथंच का, कोण ठरवतं? एडवर्ड चेंबरलिन हार्वर्डला वर्गातच विद्यार्थ्यांचा बाजार भरवायचे, १९४८ साली त्यांनी त्याबद्दल लिहिलं. त्या वर्गात बसलेल्या व्हर्नन स्मिथनी पुढं स्वतः शिकवायला लागल्यावर तोच खेळ सुधारून घेतला आणि त्यातून प्रायोगिक अर्थशास्त्र उभं राहिलं, २००२ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. वर्गातल्या एका खेळातून!

मी तो असा घेते. २० चिठ्ठ्या. दहा जण गिऱ्हाईक, त्यांच्या चिठ्ठीवर जास्तीत जास्त किती देऊ शकतो तो आकडा, १००, ९०, ८० असं उतरत १० पर्यंत. दहा जण विकणारे, त्यांच्या चिठ्ठीवर माल कितीला पडला तो आकडा, १० पासून १०० पर्यंत. चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. उठा आणि सौदा करा, जमला की फळ्यावर भाव लिहा. बाकीचा वर्ग बघतो. पहिल्या फेरीत भाव कुठंही जातो, कुणी ३० ला देऊन बसतो, कुणी ७५ ला घेतो आणि मग शेजारी ५० ला मिळाला म्हणून हळहळतो. दुसऱ्या फेरीत आकडे जवळ येतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीला बहुतेक सौदे ५० ते ६० च्या आसपास आणि सौदे पाचाच्या आगेमागे. मग चिठ्ठ्या सगळ्यांसमोर उघडायच्या, फळ्यावर दोन्ही बाजू मांडायच्या, रेषा पोरांनाच काढायला लावायच्या, आणि त्या छेदतात कुठं, तर ५० ते ६० च्या मध्ये, पाच नगांवर. त्या क्षणी वर्गात जो आवाज होतो तो ऐकायला मिळावा म्हणून मी दर वर्षी हा खेळ घेते. नाशिक जिल्ह्यातल्या पोरांना लिलाव नवीन नाही, लासलगावला बापाच्या ट्रॅक्टरवर बसून त्यांनी तो बघितलेला असतो, पण तो आणि पुस्तकातली आकृती एकच आहे हे त्यांना त्या दिवशी कळतं. मग पुढची फेरी, सरकारी कमाल भाव ४०. आता विकायला परवडतं चारच जणांना, आणि घ्यायला तयार सात जण. गर्दी, धक्काबुक्की. मागच्या वर्षी जिच्या चिठ्ठीवर १०० होते ती मुलगी रिकाम्या हातानं राहिली आणि ४० वाल्याला माल मिळाला कारण तो दाराजवळ उभा होता. तिनंच विचारलं, मॅडम मला जास्त गरज होती तरी मला का नाही मिळालं? पुढचा पाऊण तास मला काही शिकवावंच लागलं नाही, मी फक्त कोण बोलतंय ते बघत होते. एका मुलानं विचारलं की १०० देऊ शकणं म्हणजे जास्त गरज असणं का, गरिबाची गरज चिठ्ठीवर कशी लिहिणार, आणि कल्याणाच्या अर्थशास्त्राचा सगळ्यात अवघड प्रश्न एसवायबीएच्या वर्गात आपोआप उभा राहिला.

हाच खेळ आमच्या त्या नव्या मुलाला घ्यायला लावला. पहिल्यांदा फसला. त्यानं आधीच सांगून टाकलं की बघा, किंमत ५० ते ६० च्या मध्ये येईल, त्यामुळं पोरांनी सरांना बरं वाटावं म्हणून ५५ लाच सौदे केले. दुसऱ्यांदा, आधी काय होईल ते प्रत्येकाकडून वहीत लिहून घेतलं आणि स्वतः गप्प राहिला, तेव्हा जमलं. पोरांकडून आधी अंदाज घ्यायचा, मग घडू द्यायचं, मग समजवायचं, हा क्रम ऐकायला सोपा आहे पण वर्गासमोर गप्प राहणं नव्या माणसाला सगळ्यात जड जातं, शांतता झाली की त्याला वाटतं आपल्याला काही येत नाही असं पोरांना वाटेल. हे मागं कुणीतरी बसल्याशिवाय लक्षात येत नाही. मी जे पाहिलं ते त्याला दाखवलं आणि त्यानं आठवड्यात बदललं, यात माझं मोठेपण काही नाही, एका माणसानं दोन तास मागं बसायचं आणि एकदा चहा प्यायचा एवढाच त्याचा खर्च.

भाषेचं एक वेगळंच प्रकरण आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. आमचा नवा प्राध्यापक एमएला इंग्रजी पुस्तकं वाचून सेट काढतो आणि मराठी माध्यमाच्या वर्गासमोर उभा राहतो. संधी खर्चाला एका पुस्तकात संधी खर्च, दुसऱ्यात पर्यायी खर्च, तिसऱ्यात वैकल्पिक खर्च. समवृत्ती वक्र म्हणावं, तटस्थता वक्र की समतृप्ती वक्र? पोरगं बारावीला एक शब्द शिकून येतं, कॉलेजात दुसरा ऐकतं, प्रश्नपत्रिकेत तिसरा छापून येतो आणि त्याला वाटतं हे तीन वेगळे धडे आहेत. नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात शब्दांची एक जुळवणी हातात द्यायला हवी, कुठल्या इयत्तेला कुठला शब्द, वर्गात बोलताना कुठला. आणि रोजच्या भाषेत मागणी म्हणजे मागणं, अर्थशास्त्रात मागणी म्हणजे इच्छा अधिक पैसे अधिक खर्चायची तयारी, हा फरक बोलून दाखवायचा. मराठीतून अर्थशास्त्र नीट शिकवता येत नाही असं म्हणणाऱ्यांशी मी कधीच सहमत झाले नाही, तयारीच करून घेतली नाही तर कुठल्याच भाषेत येणार नाही.

आता आक्षेप. शिकवणं ही उपजत कला आहे, असं वरिष्ठ लोक म्हणतात. काही जण उपजत असतात हे खरं. बाबासाहेब आंबेडकर १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले तेव्हा दुसऱ्या कॉलेजातली मुलं त्यांच्या तासाला येऊन बसायची. पण त्यामागं कोलंबियातला आणि लंडनमधला केवढा अभ्यास होता! त्या उंचीची माणसं शतकात किती होतात, आणि आपल्याला तर प्रत्येक तालुक्यात एक बरा शिक्षक हवाय. दुसरा आक्षेप, पोरांनाच नोट्स हव्या असतात, परीक्षेला टिपा लिहा आणि सविस्तर लिहा हेच येतं, खेळ घेऊन काय करणार. हा आक्षेप मला मनापासून मान्य आहे. म्हणून नव्या माणसाच्या प्रशिक्षणात प्रश्न काढायला शिकवणं आलंच पाहिजे, माझ्या मते ते सगळ्यात आधी. 'मागणीचा नियम अपवादांसह स्पष्ट करा' असा प्रश्न येत राहिला तर कितीही चांगला शिक्षक दोन वर्षांत नोट्सवर येईल. त्याऐवजी 'निर्यातबंदीनंतर बाजार समितीत कांद्याचा भाव पडला, हा मागणीचा संकोच की ऱ्हास, आकृती काढून सांगा' असं विचारलं तर गाईडवाल्यालाही विचार करावा लागेल. निदान अंतर्गत परीक्षा तर आपल्याच हातात आहे.

वेळ कुठाय, हा तिसरा आक्षेप, आणि तोही खरा आहे. नवं धोरण, क्रेडिट, नॅकच्या (कॉलेजांच्या मूल्यांकनाच्या) फायली, प्रवेशाची गडबड, आणि नवा माणूस आला की सगळी कामं त्याच्या गळ्यात. मी म्हणते पहिल्या वर्षी त्याच्याकडं दोनच पेपर द्या आणि एकही समिती देऊ नका. जवळपासच्या पाच-सहा कॉलेजांतले नवे-जुने अर्थशास्त्राचे लोक महिन्यातून एका शनिवारी एकत्र बसावेत, एकानं २० मिनिटांचा तास घ्यावा, बाकीच्यांनी पोरांसारखे प्रश्न विचारावेत, खवचट प्रश्न. जवळच्या बाजारात, पतपेढीत, साखर कारखान्यात जाऊन आकडे आणावेत आणि त्याचा धडा करावा. १९३० साली पुण्यात गोखले संस्था निघाली, पुढं तिथं अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराचं सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण घराघरात जाऊन करून घेतलं, ती परंपरा आपलीच आहे, ती फक्त संशोधनापुरती राहिली आणि वर्गात उतरली नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी बोलताना मला राग येतो. हे सगळं ज्याच्यासाठी म्हणतेय तो माणूस बहुतेक वेळा सीएचबीवर आहे. कायम जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, शिकवतायत तासिकेवरचे, दर वर्षी नवा अर्ज, नवी मुलाखत, नवी ऑर्डर. त्याला बढती नाही म्हणून ओरिएंटेशनला त्याला कुणी पाठवत नाही, आणि गेला तर तेवढ्या तासांचे पैसे बुडतात. दोन कॉलेजांत मिळून तास घेतो, मधल्या वेळात एसटीत बसून नोट्स वाचतो. माझं म्हणणं असं की शिकायला घालवलेला तास हा घेतलेला तास धरून त्याचे पैसे द्यावेत. दुसऱ्याचा तास मागं बसून बघितला, एक तास. शनिवारच्या बैठकीला आला, दोन तास. सरकारनं भरतीचा प्रश्न सोडवायलाच हवा, त्याला पर्याय नाही, पण तो सुटेपर्यंत पोरांनी आणि या मुलांनी वाट बघत बसायचं हे मला पटत नाही.

आमचा तो मुलगा यंदा पुन्हा मुलाखतीला बसेल, कदाचित दुसऱ्याच कॉलेजात. या मुलाखतींना मी विषयतज्ज्ञ म्हणून जाते तेव्हा दिसतं, उमेदवाराला रॉबिन्सची अर्थशास्त्राची व्याख्या विचारतात, केन्सच्या पुस्तकाचं साल विचारतात, शोधनिबंध किती ते मोजतात. येत्या जुलैत ज्या ज्या कॉलेजात पॅनेल बसेल त्यांना माझी एकच विनंती आहे. उमेदवाराच्या हातात खडू द्या, एसवायबीएची दहा पोरं समोर बसवा आणि त्याला दहा मिनिटं महागाई शिकवू द्या. एका पोराला आधी सांगून ठेवा, मध्येच उठून विचार की सर, रिझर्व्ह बँक नोटा छापून सगळ्यांना का वाटत नाही, आणि मग उमेदवार त्या पोराकडं बघतो की हातातल्या कागदाकडं, ते लिहून घ्या.